मांस गेले कुठे? स्नायूंतील प्रथिनांच्या मोडतोडीचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात माझे मामा रामकुंडाच्या पायऱ्यांवरून घसरले आणि त्यांच्या उजव्या नडगीचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढले तेव्हा हाड व्यवस्थित जुळून आले होते, पण पोटरी पाहून घरातले सगळे क्षणभर गप्प झाले. डाव्या पायाशेजारी ठेवलेला तो उजवा पाय दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता. ‘पाय वाळला हो,’ असे मामी हळहळून म्हणाल्या. मामांनी मात्र वेगळाच प्रश्न काढला. ‘मोडलं ते हाड. मग मांस कुठे गेलं?’ जेवण नेहमीचेच होते, ताप नव्हता, जखम नव्हती, रक्तही गेलेले नव्हते. मामा नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले आहेत. आत आलेला कागद आणि बाहेर पडलेला कागद यांचा मेळ जुळल्याशिवाय पाळी संपत नसे, अशा जागी त्यांचा जन्म गेला, त्यामुळे त्यांना पडलेला प्रश्न हिशेबाचा होता.

हाच प्रश्न अमेरिकेतील एका शास्त्रज्ञाने विद्यार्थिदशेत हाती घेतला आणि त्यावर पन्नासहून अधिक वर्षे काम केले. त्यांचे नाव आल्फ्रेड गोल्डबर्ग. जन्म 1942, पीएचडी 1968 साली हार्वर्ड विद्यापीठातून, आणि पुढची सगळी कारकीर्द हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात. स्नायू का झिजतात, या एका धाग्याचा पाठपुरावा करता करता ते पेशीतील कचरा-व्यवस्थेपर्यंत आणि तिथून कर्करोगावरच्या एका औषधापर्यंत पोहोचले.

आधी पार्श्वभूमी. आपले शरीर एकदा बांधून झाले की विटांच्या घरासारखे तसेच उभे राहते, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे, हे 1930च्या दशकात रूडॉल्फ शोनहायमर यांनी दाखवले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. त्यांनी नायट्रोजनच्या जड प्रकाराची खूण असलेली अमिनो आम्ले उंदरांना खाऊ घातली. ती जळून लघवीवाटे बाहेर पडतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांतील बराच भाग थोड्याच दिवसांत शरीराच्या प्रथिनांत जाऊन बसलेला आढळला, आणि तरीही प्राण्याचे वजन वाढले नव्हते. म्हणजे जुने प्रथिन काढले जात होते आणि त्या जागी नवे बसवले जात होते. आज आपल्याला ठाऊक आहे की प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज साधारण 250 ते 300 ग्रॅम प्रथिने नव्याने तयार होतात आणि जवळपास तितकीच मोडली जातात. आपण ताटातून खातो त्याच्या कित्येक पट ही उलाढाल आहे. मोडलेल्या प्रथिनांतून सुटलेली बहुतेक अमिनो आम्ले पुन्हा नव्या प्रथिनांत वापरली जातात, म्हणूनच वरण-भात आणि उसळीवर एवढा मोठा कारभार चालू शकतो. शरीराच्या वजनापैकी सुमारे 40 टक्के वजन स्नायूंचे असते, त्यामुळे या उलाढालीत त्यांचा वाटा मोठा.

आता मामांचा प्रश्न नीट मांडता येतो. गंगापूर धरणाची पातळी उतरली तर कारणे दोनच असू शकतात: येणारे पाणी घटले, किंवा सोडलेले पाणी वाढले. स्नायूचेही तसेच आहे. प्लास्टरमध्ये पाय निपचित पडला म्हणून नवे प्रथिन बनणे कमी झाले, की जुने प्रथिन मोडण्याचा वेग वाढला? बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही. पातळी उतरलेलीच असते. 1960च्या दशकात बहुतेकांचे लक्ष पहिल्या बाजूकडे होते आणि त्यात आश्चर्य काही नव्हते. जनुकांची लिपी नुकतीच उलगडत होती आणि पेशी प्रथिन कसे बनवते हा त्या काळचा सर्वांत तेजस्वी विषय होता. गोल्डबर्ग यांनी पीएचडी मिळवली त्याच 1968 साली हरगोविंद खुराना, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना त्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. बांधकामाचा असा गौरव चालू असताना पाडकामाचा अभ्यास करायला कोण जाणार?

गोल्डबर्ग गेले, आणि त्यांनी प्रयोगासाठी नेमकी उंदराची पोटरीच निवडली. पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात, एक वरचा मोठा आणि एक त्याखालचा सपाट. मोठ्या स्नायूचा कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, कापला की चालण्याचा सगळा भार खालच्या स्नायूवर येतो आणि तो काही दिवसांतच फुगतो. ज्या उंदरांची पीयूषिका ग्रंथी काढून टाकली होती, म्हणजे ज्यांच्या अंगात वाढीचे संप्रेरक तयारच होत नव्हते, त्यांच्यातही हा स्नायू वाढला. स्नायूला काम पडले हे त्याला वरून कोणी कळवावे लागत नाही. ते त्याला जागेवरच कळते. तालमीत जाणाऱ्या कोणालाही हे पटेल. पुढचा प्रयोग उलटा होता. पायाकडे जाणारी नस कापली की स्नायू लुळा पडतो आणि रोडावतो. गोल्डबर्ग यांनी किरणोत्सारी खूण लावलेले अमिनो आम्ल स्नायूतील प्रथिनांत आधीच बसवून ठेवले आणि ती खूण किती वेगाने नाहीशी होते ते मोजले. 1969 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा होता की लुळ्या स्नायूत जुनी प्रथिने मोडण्याचा वेग वाढलेला असतो, तर भार उचलून वाढणाऱ्या स्नायूत हाच वेग मंदावतो. धरणाचे दरवाजेच जास्त उघडले गेले होते. मामांचे मांस कुठेही ‘गेले’ नव्हते. ते स्नायूने स्वतःच्या हाताने उकलून अमिनो आम्लांच्या रूपात रक्तात सोडले होते.

शरीर असे का वागते, याचे उत्तर उपवासात सापडते. (साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि बटाट्याची भाजी यांच्या आधारे होणारी आपली एकादशी इथे मोजता येणार नाही, खरोखर अन्न न घेण्याबद्दल बोलतो आहे.) मेंदूला साखर सतत लागते. यकृतातला साखरेचा साठा साधारण एका दिवसात संपत येतो. त्यानंतर स्नायूंतील प्रथिने मोडून निघालेली अमिनो आम्ले यकृताकडे जातात आणि तिथे त्यांपासून साखर बनवली जाते. एका अर्थाने स्नायू ही शरीराची अडीअडचणीची मोड आहे, घरातल्या सोन्यासारखी. आजारपणात, मोठ्या भाजण्यात, जंतुसंसर्गात, मूत्रपिंडे निकामी झाल्यावर, कर्करोगात हीच मोड झपाट्याने विकली जाते. अडचण एवढीच की दीर्घ आजारात ती विकण्याचा वेग थांबत नाही, आणि रुग्ण मूळ रोगाइतकाच या अशक्तपणाने खचतो.

इथपर्यंत ‘का’ कळले. ‘कसे’ ते बाकी होते. पेशीत प्रथिने मोडणारे यंत्र कोणते? 1955 साली बेल्जियमचे क्रिस्तियान द दूव यांनी लायसोसोम शोधले होते. पाचक रसांनी भरलेल्या या चिमुकल्या पिशव्या पेशीचा कचरा पचवतात, आणि मोडतोडीचे सगळे काम त्याच करत असणार, असे मानले जाई. पण एक गोष्ट जुळत नव्हती. प्रथिनाची साखळी तोडली की ऊर्जा सुटते, ती लागत नाही. आपल्या जठरात अन्नातली प्रथिने तुटतात तेव्हा पेशीला त्या तोडण्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचे रोख चलन, मोजावे लागत नाही. तरीही 1953 साली मेल्विन सिम्पसन यांनी यकृताच्या कापांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की पेशीची ऊर्जा बंद केली तर प्रथिनांची मोडतोडही मंदावते. उतारावरून गाडी खाली आणायला पेट्रोल का जाळावे लागावे?

हा मुद्दा मी मामांना समजावून सांगू लागलो तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. ‘यात नवल काय?’ ते म्हणाले. ‘नोट छापायला खर्च येतो हे सगळ्यांना कळतं. नोट फाडायला खर्च येत नाही असं लोकांना वाटतं. तू खिशातली नोट फाडलीस तर फुकट, पण सरकारला नोट रद्द करायची असेल तर फुकट होत नाही.’ नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापल्या जातात. छपाईत बिघडलेला कागद तिथे कोणी टोपलीत टाकत नाही. तो मोजला जातो, नोंदला जातो, मग नष्ट होतो. लोकांच्या हातून मळून, फाटून परत आलेल्या नोटांचेही तसेच: रिझर्व्ह बँकेची यंत्रे त्या मोजतात, खऱ्या-खोट्या पारखतात, धडधाकट नोटा बाजूला काढतात आणि उरलेल्यांचा भुगा करून त्याच्या विटा पाडतात. खर्च फाडण्याचा नसतो, निवडण्याचा असतो. चांगली नोट चुकून यंत्रात जाता कामा नये आणि रद्द नोट चुकून बाजारात राहता कामा नये, यासाठी सारा खटाटोप. गोल्डबर्ग यांना जे समजायला काही वर्षे लागली ते मामांनी चहा संपायच्या आत सांगितले, असे मी म्हणणार नाही, कारण अंदाज करणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. पण दिशा तीच होती.

गोल्डबर्ग यांनी ही गोष्ट सिद्ध करण्यासाठी स्नायू काही काळ बाजूला ठेवला आणि ते जिवाणूंकडे वळले. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला त्यांनी खोटे अमिनो आम्ल पुरवले, त्यामुळे त्याची प्रथिने वेडीवाकडी बनू लागली. जिवाणू ही बिघडलेली प्रथिने भराभर मोडून टाकी आणि नीट बनलेल्यांना हात लावत नसे. 1972 साली हे प्रसिद्ध झाले. यात दोन गोष्टी होत्या. पेशीला चांगले आणि वाईट प्रथिन ओळखता येते, ही एक. आणि जिवाणूला लायसोसोम नसतातच, त्यामुळे हे काम दुसरेच कोणीतरी करत असले पाहिजे, ही दुसरी. मग सस्तन प्राण्यांतही असे दुसरे यंत्र असेल का? त्यासाठी त्यांनी सशाच्या रक्तातील अर्धवट वाढलेल्या तांबड्या पेशी निवडल्या. या पेशी परिपक्व होताना आपले लायसोसोम गमावतात, म्हणजे त्यांच्यात मोडतोड आढळली तर तिचे श्रेय लायसोसोमला देता येणार नाही. जोसेफ एटलिंगर यांच्यासह त्यांनी 1977 साली दाखवले की या पेशी फोडून मिळवलेला नुसता द्रवही बिघडलेली प्रथिने मोडतो, आणि त्यात एटीपी घातला तरच नीट मोडतो. जे यंत्र आजवर केवळ तर्काने मानलेले होते ते आता परीक्षानळीत उतरले. माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत देखणा प्रयोग आहे.

पुढचा टप्पा दुसऱ्यांनी गाठला. इस्रायलमधील हैफा येथे अवराम हर्श्को आणि आरॉन चिकॅनोव्हर यांनी, आणि अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या अर्विन रोझ यांनी, याच तांबड्या पेशींच्या द्रवाचे घटक वेगळे काढले आणि त्यांना त्यात युबिक्विटिन नावाचे एक छोटे प्रथिन काम करताना सापडले. केवळ 76 अमिनो आम्लांचे हे प्रथिन म्हणजे ‘रद्द’ असा शिक्का आहे. ज्या प्रथिनाला मोडायचे असते त्यावर हा शिक्का एकावर एक मारून त्यांची साखळी तयार केली जाते. शिक्का मारण्याला एटीपी खर्च होतो. या शोधासाठी तिघांना 2004 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एका पारितोषिकाचे वाटेकरी तीनपेक्षा जास्त होऊ शकत नाहीत, आणि गोल्डबर्ग त्यांत नव्हते. पारितोषिक शिक्क्यासाठी होते आणि शिक्का त्या तिघांनीच शोधला, हे खरे. पण ज्या द्रवात तो सापडला तो बाटलीत कोणी भरला, हेही सांगायला हवे.

शिक्का बसलेले प्रथिन जिथे नेले जाते त्या यंत्राला प्रोटिअसोम म्हणतात. हे नाव 1988 साली गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखातून रूढ झाले. प्रोटिअसोमचा गाभा म्हणजे एक पोकळ नळकांडे: सात-सात तुकड्यांची चार कडी एकावर एक रचलेली, एकूण 28 तुकडे. कापणारी पाती आतल्या बाजूला लपलेली असतात, त्यामुळे जवळून जाणाऱ्या प्रथिनाला इजा होत नाही. नळकांड्याच्या टोकांना झाकणे असतात. ती शिक्का ओळखतात, शिक्का काढून पुन्हा वापरण्यासाठी परत देतात, घडी घातलेले प्रथिन उलगडून धाग्यासारखे सरळ करतात आणि आत ढकलतात. एटीपी इथेही लागतो. दुसऱ्या टोकाने काही अमिनो आम्लांचे लहान तुकडे बाहेर पडतात आणि त्यांची पुढे सुटी अमिनो आम्ले होतात. 1994 साली केनेथ रॉक आणि गोल्डबर्ग यांनी दाखवले की वाढणाऱ्या पेशींतील बहुतांश प्रथिने लायसोसोममध्ये नव्हे, तर या नळकांड्यातच मोडली जातात.

मग ते स्नायूकडे परतले. स्नायूच्या प्रथिनांची अडचण वेगळी असते. ॲक्टिन आणि मायोसिन यांचे धागे एकमेकांत घट्ट विणलेले असतात, आणि विणलेल्या अवस्थेत प्रोटिअसोम त्यांना गिळू शकत नाही. आधी वीण उसवावी लागते. 2001 साली दोन स्वतंत्र गटांना रोडावणाऱ्या स्नायूत शिक्के मारणारी दोन प्रथिने सापडली. गोल्डबर्ग यांच्या प्रयोगशाळेने उपाशी ठेवलेल्या उंदरांच्या स्नायूंत ज्याचे प्रमाण कित्येक पट वाढते असे एक शोधले आणि त्याला अट्रोजिन-1 हे नाव दिले. रीजेनेरॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांना तेच प्रथिन आणि त्याच्या जोडीला मर्फ-1 सापडले. या दोहोंपैकी कोणत्याही एकाचे जनुक नसलेल्या उंदरांचे स्नायू नस कापल्यावर इतरांइतके रोडावले नाहीत. मर्फ-1 हे मायोसिनच्या जाड धाग्याभोवतीची आधार देणारी प्रथिने आधी काढते आणि मग मुख्य धाग्याला हात घालते, असे गोल्डबर्ग यांच्या गटाने 2009 साली दाखवले. स्वेटर उसवताना टाचणीच्या टोकाने पहिली गाठ सोडवावी लागते, तसेच.

2004 साली त्यांनी आणखी एक तुलना केली. उपवास, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि कर्करोग ही चार अगदी वेगळी कारणे, पण या चारही प्रकारच्या प्राण्यांच्या रोडावणाऱ्या स्नायूंत साधारण 120 जनुके एकाच पद्धतीने वर-खाली होत होती. रोग वेगवेगळे, पण स्नायू मोडण्याचा कार्यक्रम एकच. त्याच वर्षी या कार्यक्रमाची कळही सापडली. फॉक्सओ नावाचे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरले की अट्रोजिन-1चे उत्पादन सुरू होते. इन्सुलिनचा संदेश मिळत असेल तोवर फॉक्सओला केंद्रकाबाहेर अडवून ठेवले जाते. उपवासात इन्सुलिन घटते, मधुमेहात ते कमी पडते किंवा पेशी त्याला दाद देत नाही, आणि मग दार उघडते. साखर ताब्यात नसलेल्या मधुमेहींचे हातपाय बारीक का होतात, याचे एक ठोस उत्तर इथे मिळते, आणि ते आपल्या घराघरांत माहीत असायला हवे, असे मला वाटते.

औषधाची गोष्ट मात्र सरळ रेषेत गेली नाही. प्रोटिअसोम थांबवता आला तर स्नायूंची झीज थांबेल, या विचाराने गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1993 साली मायोजेनिक्स नावाची कंपनी काढली. नावातला ‘मायो’ म्हणजे स्नायूच. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वापरल्या जाणाऱ्या एमजी-132 या रसायनातील ‘एमजी’ त्याच कंपनीची आठवण आहे. पण प्रोटिअसोम हे सगळ्याच पेशींचे यंत्र आहे. स्नायू वाचवण्यासाठी ते सगळीकडे बंद पाडणे म्हणजे एका दुकानातली चोरी थांबवायला अख्ख्या शहराची वीज तोडणे. स्नायूंसाठी हे औषध कधी आलेच नाही. पुढे मात्र असे दिसले की ते काही कर्करोगी पेशी मारते. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. या पेशी अहोरात्र प्रतिपिंडे बनवत असतात, त्यांतली बिघडलेली मोडावी लागतात, आणि मोडण्याचे यंत्र बंद पडले की त्या आपल्याच कचऱ्यात गुदमरतात. ज्यूलियन ॲडम्स यांच्या पुढाकाराने तयार झालेले, बोरॉनचा अणू असलेले बोर्टेझोमिब हे औषध मे 2003 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. आता भारतातही त्याच्या जेनेरिक आवृत्त्या मिळतात आणि मायलोमाच्या उपचारात ते सर्रास दिले जाते. हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा येणे हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे.

कारकिर्दीच्या अखेरच्या भागात गोल्डबर्ग यांनी प्रश्न उलटा फिरवला: प्रोटिअसोम थांबवण्याऐवजी त्याचा वेग वाढवता येईल का? मेंदूच्या काही विकारांत बिघडलेली प्रथिने साचत जातात, तिथे याचा उपयोग व्हावा अशी त्यांची आशा होती. त्या ओघात त्यांच्या प्रयोगशाळेने 2019 साली एक गोष्ट नोंदवली, जी ऐकून मामा खूष झाले. जोरदार व्यायामानंतर माणसाच्या स्नायूंतील प्रोटिअसोम अधिक वेगाने काम करू लागतात. व्यायाम करणाऱ्या स्नायूतही मोडतोड होते, पण ती झिजलेल्या आणि बिघडलेल्या मालाची असते, आणि मोकळ्या झालेल्या जागी नवे प्रथिन बसते. प्लास्टरमधला स्नायू आणि पायऱ्या चढणारा स्नायू एकच यंत्र वापरतात.

गोल्डबर्ग यांचे 18 एप्रिल 2023 रोजी वयाच्या 80व्या वर्षी निधन झाले. मामांची फिजिओथेरपी अजून चालू आहे. सुरुवातीला पलंगावर बसून टाच वर-खाली, मग भिंतीला धरून चवड्यांवर उभे राहणे, आणि आता सकाळी गोदाकाठाने एक फेरी. दर रविवारी मामी शिवणाची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजतात आणि आकडे कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहितात. परवाच्या नोंदीत उजवी अजून दीड सेंटिमीटरने मागे होती.